नऊ दिवसांची खाट

कंपनीने दिलेलं प्रशिक्षण मनावर घ्यायचं नसतं, एवढी साधी गोष्ट माझ्या मामाला सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत कोणी सांगितली नव्हती. आम्ही बाकीच्यांनी ते घ्यायचं तसं घेतलं. हजेरीच्या कागदावर सही केली, मधल्या सुट्टीत दोन बिस्किटं जास्त उचलली आणि फुकट मिळालेलं पेन खिशाला लावून घरी आलो. मामाने मात्र वही काढली.

मामा आमच्या कारखान्यात दुरुस्ती खात्याचा फोरमन. कारखाना रुग्णालयातल्या खाटांचा. नव्या खाटा पुढच्या मोठ्या शेडमध्ये बनतात आणि पाहुणे आले की त्यांना तीच शेड दाखवतात. मागे, रंगखात्याच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली आमचं खातं. इथे मोडलेल्या खाटा येतात. कुणाचं चाक निखळलेलं, कुणाचा कठडा वाकलेला, कुणाची डोक्याकडची बाजू एकदा वर केली की खाली यायचं नाव घेत नाही. आम्ही त्या नीट करून परत पाठवायचो. मामाच्या हाताखाली आम्ही सात जण होतो. त्यात सगळ्यात जुना वेल्डर, ज्याला सगळे दादा म्हणतात, आणि सगळ्यात नवा मी. मला तिथे मामानेच चिकटवलं होतं. मी त्याला मामा म्हणायचो म्हणून अख्खं खातं त्याला मामा म्हणायला लागलं, मग स्टोअरवाले म्हणायला लागले आणि शेवटी साहेबसुद्धा. सख्खा भाचा असूनही माझ्या वाट्याला मामाचा सातवा हिस्साच आला.

एका सोमवारी साहेब स्वतः मागच्या शेडमध्ये आले. ते येतात तेव्हा काहीतरी बिघडलेलं असतं किंवा बिघडणार असतं. म्हणाले, "मामा, तुमच्याकडे एक खाट दुरुस्त व्हायला सरासरी अडतीस दिवस लागतात. वरून विचारणा झालीय. तीन महिन्यांत पंधरावर आणा. नाहीतर हे खातं बंद आणि काम बाहेर. बाकी तुम्ही समजदार आहात." समजदार आहात असं म्हटलं की पुढचं वाईट बोलणं समोरच्याने स्वतःच मनात पूर्ण करायचं असतं. आम्ही सातही जणांनी ते पूर्ण केलं.

मदत म्हणून कंपनीने एक प्रशिक्षक पाठवला. पोरगा हुशार होता, उगाच नावं ठेवणार नाही, पण पँट घोट्याच्या वरच संपलेली आणि उत्साह मात्र कुठेच न संपणारा. त्याने सांगितलं की तो अजाइल आणि लीन शिकवायला आलाय. अजाइल म्हणजे डोंगराएवढं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही. दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा संपला की थांबून बघायचं, आपलं कुठे चुकलं. लीन म्हणजे कामातलं जे काही गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नाही, ते शोधून काढून टाकायचं. दादा माझ्या कानाशी पुटपुटला, "मग शोधायचं काय त्यात? केबिनचा दरवाजा तर समोरच दिसतोय."

सगळे हसू दाबत होते तेव्हा मामाने हात वर केला. शाळेत कधी केला नसेल इतका सरळ. "वेळ वाचला तर माणसं जास्त होतील. त्यांचं काय करायचं?"

"फार छान प्रश्न!" प्रशिक्षक म्हणाला. "लीनमध्ये माणसं काढत नाहीत, मामा. वाचलेला वेळ नव्या कामाला लावतात. तो तर या पद्धतीचा पायाच आहे." मागच्या रांगेत बसलेल्या साहेबांनी मोबाइलमधून मान न उचलता ती जोरात हलवली. मामाने ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी खात्यात येऊन आम्हाला म्हणाला, "हे आपण मन लावून करायचं. यात कुणाची नोकरी जाणार नाही. माझा शब्द."

दादा म्हणाला, "मामा, शब्द तुमचा, पण सही कुणाची?" मामाने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. भाबडेपणा हा आमच्या आजोळचा वारसा आहे. जमीन वगैरे काही नव्हतं, एवढंच वाटून आलं.

पुढच्या शेडमध्येही अजाइल सुरू झालं, आणि झोकात सुरू झालं. रोज सकाळी उभ्याने बैठक. पंधरा मिनिटांत उरकावी म्हणून उभ्याने. तिसऱ्या दिवशी खुर्च्या आल्या. पाचव्या दिवशी चहा आला. दुसऱ्या आठवड्यात ती दीड तासाची झाली आणि तिची तयारी करायला आदल्या दिवशी दुपारी वेगळी बैठक बसू लागली. काम वेगाने कसं करावं यावर इतक्या सावकाश झालेली चर्चा मी दुसरीकडे पाहिली नाही.

आमच्याकडे बैठकच नव्हती, कारण बसायला काही नव्हतं. मामाने मोडक्या कपाटाचं दार भिंतीला टेकवलं, खडूने तीन रकाने आखले: करायचंय, चालू आहे, झालं. प्रत्येक खाटेची एक चिठ्ठी. आणि नियम असा की "चालू आहे"मध्ये एका वेळी तीनपेक्षा जास्त चिठ्ठ्या लावायच्या नाहीत. आधी आम्ही बारा-बारा खाटा एकदम उघडून ठेवायचो. एक अडली की दुसरीला हात घालायचा, म्हणजे आपण सतत कामात आहोत असं दुसऱ्यांना दिसतं आणि हळूहळू आपल्यालाही वाटायला लागतं. आता तीनच. तिन्ही अडल्या की आम्ही सात धडधाकट पुरुष हात बांधून उभे. भारी लाज वाटायची. मामा म्हणायचा, "वाटू दे. कुठे अडलंय ते तरी कळेल."

ते कळावं म्हणून त्याने जे केलं, ते फक्त तोच करू शकतो. एक मोडकी खाट फाटकातून आत आली, तिचा नंबर त्याने वहीत लिहिला आणि तिच्यामागे चालायला लागला. खाट जिथे थांबेल तिथे स्टूल टाकून बसायचं, ती का थांबली ते लिहायचं, हलली की उठायचं. जेवायला जाताना मला बसवून जायचा. रंगखात्यातली मंडळी विचारायची, "मामा, पेशंट कसा आहे?" चाळीस दिवस त्या खाटेची इतकी सेवा झाली, की तिच्यावर झोपणाऱ्या एकाही आजाऱ्याची झाली नसेल.

चाळिसाव्या दिवशी मामाने बेरीज मांडली. खाटेवर प्रत्यक्ष काम झालं होतं साडेचार तास. उरलेला सगळा वेळ ती उभी होती आणि त्यातले एकतीस दिवस चार चाकांची वाट बघत. चाकं बाजारात मिळत होती, पण ती मागवायचा कागद स्टोअर, खरेदी, हिशेब, तपासणी आणि साहेब अशा पाच टेबलांवरून फिरायचा. एका सहीवरून दुसऱ्या सहीकडे जायला त्याला पाच-पाच दिवस लागायचे आणि खरेदीच्या टेबलावर तर पेपरवेटखाली तो नऊ दिवस विश्रांती घ्यायचा. इथे घोडं पेंड खात होतं, आणि आळशी ठरत होतो आम्ही.

मामाने फळ्यावर चौथा रकाना काढला: सहीसाठी थांबलंय. चार दिवसांत तिथे चिठ्ठीवर चिठ्ठी चढली. साहेब येऊन फळ्यासमोर उभे राहिले.

"मामा, हा रकाना जरा निगेटिव्ह वाटतो."

"हो साहेब."

"याला 'प्रगतिपथावर' असं म्हणता येईल का?"

"म्हणता येईल की," मामा म्हणाला. "पण खाट तिथेच उभी राहणार."

त्या दिवशी मामाचं काही खरं नाही असं आम्हाला वाटलं. पण प्रशिक्षक त्याच्या बाजूने उभा राहिला आणि मुख्य म्हणजे वरच्यांना आकडा साहेबांनाही दाखवायचा होता. तोडगा निघाला. महिन्याच्या चाकांवर एकदाच सही. चाकांच्या दोन पेट्या ठेवायच्या. पहिली रिकामी झाली की तिची चिठ्ठी थेट दुकानदाराकडे आणि तोवर दुसरीतून काम. पाच टेबलांना एकतीस दिवस जे जमत नव्हतं, ते दोन पत्र्याच्या पेट्यांनी जमवलं. त्यांना कुणी बढती दिली नाही.

या काळात मामाला घरीही चैन पडेना. स्वयंपाकघराच्या दारावर त्याने चिठ्ठ्या लावल्या: किराणा, विजेचं बिल, पडदे. मामीने दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी "चालू आहे"मध्ये लावली: "न्हाणीघरातला नळ. अकरा वर्षं." रविवारी मामा पान्हा घेऊन खाली बसला. नळ गळायचा थांबला तशी मामीने दारावरच्या सगळ्या चिठ्ठ्या काढल्या आणि म्हणाली, "झालं तुमचं शिकून? आता घर राहू द्या घरासारखं."

कारखान्यात आकडा उतरत गेला. एकोणतीस. एकवीस. चौदा. चौदा झाला त्या दिवशी दादाने मामाला बाजूला घेतलं. "पंधरा मागितले होते ना? मग इथे थांबा. काम संपवून दाखवणाऱ्याला नारळ मिळतो, मामा. पस्तीस वर्षांत मी दुसरं काही पाहिलं नाही."

मामा थांबला नाही. अकरा झाले, मग नऊ. आता मलाही भीती वाटायला लागली होती. माझं लग्न ठरत होतं आणि मुलीकडच्यांना मी "नोकरी पक्की" असं सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "मामा, ऐक माझं. नऊ होऊ देत, पण फळ्यावर चौदा लिही."

"खाट नऊ दिवसांत बाहेर पडणार आणि मी चौदा लिहू? मग मधले पाच दिवस ती ठेवू कुठे, डोक्यावर? अरे, तिकडे कुणीतरी जमिनीवर गादी टाकून पडलं असेल." मग माझा चेहरा बघून जरा नरमला. "तू घाबरू नकोस. मी पुढचं काम शोधून ठेवलंय." आणि खरंच शोधलं होतं. कंपनी चाकाच्या खुर्च्या आणि स्ट्रेचर दुरुस्तीला बाहेर पाठवायची. मामाने एका खुर्चीच्या मागे बाहेरच्या गॅरेजपर्यंत फिरून सगळं मांडलं होतं. ते काम आत घेतलं तर सातही जणांना पुरून उरेल, असं दीड पानी पत्र त्याने साहेबांना दिलं. साहेबांनी ते वाचून "एक्सलंट" म्हटलं आणि खालच्या टेबलांकडे पाठवून दिलं.

तीन महिने संपले त्या आठवड्यात पाहुणे आले. पहिल्यांदाच त्यांना मागची शेड दाखवली गेली. केक कापला, टाळ्या वाजल्या, मामाच्या खांद्यावर हात टाकून साहेबांनी फोटो काढला. त्या फोटोत मामा इतका खूश दिसतो की मला तो आजही बघवत नाही.

सोमवारी साहेबांनी मामाला केबिनमध्ये बोलावलं. मामाने मला नंतर शब्दनशब्द सांगितलं, कारण त्याला खोटं सोडाच, संक्षेपही जमत नाही.

"मामा, कमाल केलीत. आता हे काम चार जणांत होतं असं दिसतं. तीन नावं द्या."

मामाने वही उघडली आणि दोन रेघांचं ते वाक्य साहेबांपुढे धरलं. साहेबांनी ते शांतपणे वाचलं.

"ते प्रशिक्षणात होतं, मामा."

"आणि खुर्च्यांचं पत्र?"

"ते प्रोसेसमध्ये आहे."

मामा म्हणाला, नावं मी देणार नाही. साहेब म्हणाले, हरकत नाही, जो शेवटी आला तो आधी जाईल, नियमच आहे. तीन नावांचा कागद तिथल्या तिथे तयार झाला आणि पाच टेबलांच्या फेरीला निघाला. मामा त्याच्यामागे चालत गेला. स्टोअर, खरेदी, हिशेब, तपासणी. माणसं काढायला खरेदीवाल्याची सही कशाला लागते, ते मला विचारू नका. खरेदीवाल्याने मामाला खुर्ची दिली, "वाईट झालं हो," म्हणाला आणि सही केली. सगळ्या फेरीला दोन तास पन्नास मिनिटं लागली. मामा म्हणाला, "रांडेच्यांना येतं रे सगळं." त्याच्या तोंडून शिवी मी आयुष्यात तेवढी एकदाच ऐकली. खुर्च्यांचं पत्र तेव्हा हिशेबाच्या टेबलावर होतं.

कागदावर पहिलंच नाव माझं होतं.

संध्याकाळी मामा आमच्या घरी आला. मी आईला अजून काही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ टाळत पलंगावर पडून होतो. तो चप्पल काढून आत आला, पण बसला नाही.

"ताई, याची नोकरी गेली. माझ्यामुळे गेली."

आईला वाटलं भांडण झालं असेल. "काय केलंस तू?"

"काम लवकर केलं."

आईने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. तिला सगळं नीट सांगायला अर्धा तास लागला. शेवटी ती म्हणाली, "एवढंच होतं तर जरा सावकाश करायचंस ना रे. याने सांगितलं होतं म्हणतोस."

"सांगितलं होतं. मला जमलं नाही."

मी त्या दिवशी मामाशी बोललो नाही. पुढचे तीन महिनेही नाही. मला त्याचा राग होता आणि तो खोटा नव्हता. दादाने शहाणपण सांगितलं, मी सांगितलं, याने ऐकलं नाही. याचा खरेपणा आणि आमच्या तिघांच्या पोटावर पाय. मुलीकडच्यांनी नोकरी लागेपर्यंत थांबू म्हटलं. चांगली माणसं होती, म्हणून थांबली. मला सायकलींच्या एका वर्कशॉपमध्ये काम मिळालं तेव्हा मालकाने विचारलं, "हात झपाझप चालतो का?" मी म्हणालो, "बेताचाच." मामाकडून मी एवढंच शिकून आलो असं तेव्हा वाटायचं.

इकडे चार जणांत नऊ दिवस काही टिकले नाहीत. बारा झाले, सतरा झाले, तेवीस झाले. मामा दर शुक्रवारी खडूने खरा आकडा लिहायचा. पाहुणे येत राहिल्यामुळे साहेबांनी फळ्यावर वरच्या बाजूला ऑइलपेंटने मोठा नऊ काढून घेतला. बाकी काही पुसलं जाऊ द्या, प्रगती पुसली जाता कामा नये.

आणि मग, इतकं यश मिळाल्यावर साहेब दुसरं काय करणार, त्यांनी मामाला प्रशिक्षक केलं. हीच पद्धत आता रंगखात्याला शिकवायची. मामा नाही म्हणाला असता तर साहेबांनी दुसरं कुणी पाठवलं असतं. तो हो म्हणाला. मला हे कळलं तेव्हा मी दादाला फोनवर म्हणालो, "बघितलंस? आता त्यांची तिघं घालवणार." पुढचं मला दादानेच सांगितलं. तो गंमत बघायला मागे जाऊन उभा राहिला होता.

रंगखात्याचे बावीस जण बाकांवर बसले होते. साहेबांनी मामाची ओळख करून दिली: अडतीसचे नऊ करणारे मामा. टाळ्या झाल्या. मामा उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "ही पद्धत चांगली आहे. खरंच चांगली आहे, मी करून बघितलीय. आमच्या खात्यात सात माणसं होती. आता चार आहेत. गेलेल्यांतला एक माझ्या बहिणीचा मुलगा. त्याचं लग्न ठरत होतं. मी त्यांना शब्द दिला होता की कुणाची नोकरी जाणार नाही. तोंडी दिला होता. तुम्ही साहेबांकडून लेखी घ्या. मग मी उद्यापासून शिकवतो, जेवढं येतं तेवढं सगळं."

एवढं बोलून तो खाली बसला. साहेब म्हणाले की मामा थोडे भावुक झालेत, आपण पुढच्या आठवड्यात पुन्हा बसू. बावीस जणांनी लेखी मागितलं. ते काही मिळालं नाही आणि पुढचा आठवडा काही आला नाही. मामाचं प्रशिक्षकपद गेलं. त्याच्या निवृत्तीला पाच महिने होते, ते त्याने गोदामात खिळे मोजत काढले.

दादाचा फोन संपला तसा मी सायकल काढली आणि मामाकडे गेलो. मामीने दार उघडलं. मी मामाच्या पाया पडलो आणि रडलो. तोही रडला. मामी म्हणाली, दोघं आधी आत या, दारात कसलं रडताय.

त्याला आता दीड वर्ष झालं. रंगखात्यात आजही बावीस माणसं कामाला आहेत.